आडनाव ठाऊक नसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

तुमचे आडनाव मला आजही ठाऊक नाही, आणि अल-अनॉनच्या, म्हणजे दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या कुटुंबीयांच्या गटाच्या, सभेत ते विचारण्याची पद्धतही नाही. म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहिते आहे आणि खाली माझेही नाव घालत नाही.

तीन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या बाकावर आपली भेट झाली. दारू सोडवायची म्हणून मी यजमानांना घरात कोंडून ठेवले होते आणि दुसऱ्या रात्री त्यांना फीट आली. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांतच झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊन जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी, हे मला तुमच्याकडून कळले. लोकलच्या डब्यातली ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून मागवलेली पुडीही मी तुम्हालाच दाखवली. “आत काय आहे, ते तरी माहीत आहे का? डायसल्फिरामसारखे दारू सोडवण्याचे औषध नकळत पोटात गेले आणि वर त्यांनी दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतेल,” असे तुम्ही म्हणालात. पुडी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात गेली.

बारा वर्षे मी कोणाकडेच गेले नव्हते. आमचे ठाणे तलावांचे शहर असले, तरी इथले मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे, आणि “याला ठाण्याला पाठवा” हा विनोद साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी. लहानपणापासून तो ऐकलेल्या मला मानसोपचाराच्या दारात उभे राहणे म्हणजे त्या विनोदाचा विषय होणे वाटे. शिवाय सोसायटीत कळले तर काय, ही भीती होतीच. खरे तर जिन्यातला आरडाओरडा सर्वांना ऐकू जात होता.

तुम्ही गुरुवारच्या सभेला नेलेत, तेव्हा यजमानांची दारू सोडवण्याची युक्ती मिळेल, एवढ्याच आशेने मी आले. त्या शाळेच्या वर्गात बुटक्या बाकांवर बसलेल्या बायका मात्र स्वतःविषयीच बोलत होत्या. कोणी सल्ला देत नव्हते, कोणी मध्ये बोलत नव्हते, आणि फी नाही, ऐच्छिक वर्गणीची पिशवी तेवढी फिरली. हे व्यसन मी लावलेले नाही, त्यावर माझा ताबा चालत नाही आणि ते बरे करणेही माझ्या हाती नाही, ही तीन वाक्ये ऐकून पहिल्यांदा मला रागच आला. मग बारा वर्षे मी केले तरी काय? बिल विल्सन यांनी १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची सुरुवात केली, पण त्यांची दारू सुटल्यावरही पत्नी लोइस यांचा राग गेला नव्हता आणि एकदा त्यांनी नवऱ्यावर चक्क बूट भिरकावला, हे तुम्ही सांगितलेत. त्याच लोइस यांनी १९५१ मध्ये कुटुंबीयांच्या गटांची संघटना, म्हणजेच आपले अल-अनॉन, उभी केली. आमच्या घरी लाटणे होते, एवढाच फरक.

त्यानंतर एका सोमवारी यजमानांच्या ऑफिसातून फोन आला. “पोट बिघडले आहे” हे ठरलेले उत्तर ओठांवर आले होते. मी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. माझे हात तासभर थरथरत होते, पण पुढच्या पंधरवड्यात ते स्वतःहून उपचारांना तयार झाले. मध्ये दोनदा पाय घसरला. आता आठ महिने झाले. फोनमुळेच हे घडले, असा माझा दावा नाही.

सभेतली प्रार्थना अजूनही माझ्या फारशी पचनी पडत नाही, आणि गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे, हे तुम्हीच बजावले होते. रात्री दोन वाजता सभा नसते. अशा वेळी २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हाही तुमचाच सांगावा. मी तो दोनदा वापरला आहे.

तुमच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून सभेच्या चहाचे काम माझ्याकडे आले आहे. बावीस जणींसाठी आले किती किसायचे, हे तुम्ही सांगितलेच नव्हते, त्यामुळे गेल्या गुरुवारी सगळ्याजणी खोकत होत्या. लवकर या.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या बाकावरची