आई-बाबांना, सोबत पाच पिक्चर

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनानं सांगते, म्हणून पत्र लिहायलेय. बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातली बारीक अक्षरंही दिसतात म्हणता, तर हे स्वतः वाचा. दादाच्या हाती एक पेन ड्राइव्ह पाठवलाय. टीव्हीच्या मागं खोचायचा असतो, शेजारचा पोरगा लावून देईल. त्यात पाच पिक्चर आहेत, पाचही जब्बार पटेलांचे. आई, हा माणूस मूळचा लहान मुलांचा डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवायचा. तुला हे ऐकून त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटेल, मला माहितीय.

‘सामना’ १९७५चा. बाबा, तुम्ही तो जिंतूरकडच्या एका गावी मुक्कामी एसटी घेऊन गेला होतात तेव्हा तंबूत पाहिलात. तेव्हापासून आपल्या घरात एक माणूस राहायला आला. तिकिटांच्या वेबिलाचा हिशोब सव्वा रुपयानं चुकला, की तुम्ही पट्ट्याची पिशवी उलटी करून म्हणायचात, “मारुती कांबळेचं काय झालं?” डब्यातले लाडू कमी झाले तरी तेच. मी बरीच वर्षं त्याला आपला दूरचा पाहुणा समजत होते, जो कधी येत नाही. कॉलेजात पिक्चर पाहिला तेव्हा कळलं. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर तेवढं एकच विचारत राहतो, आणि साखर कारखान्यापासून सगळं गाव मुठीत असलेला निळू फुल्यांचा हिंदुराव त्या एका प्रश्नानं आतून पोखरला जातो. तेंडुलकरांनी लिहिलेला तो प्रश्न तुम्ही लाडवांसाठी वापरलात, पण वापरलात बरोबर. विचारताना तुम्ही कधी आवाज चढवला नाही.

आई, ‘जैत रे जैत’ तुझा. तू तो पाहिला नाहीस, नुसता ऐकलास, परभणी आकाशवाणीवर, ज्वारी निवडता निवडता. ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ लागलं की सूप थांबायचं. गोष्ट गोनीदांची, कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची, पण शब्द आपल्या ना. धों. महानोरांचे, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेडचे. कोरडवाहू मुलखातल्या शेतकऱ्यानं कोकणाकडचं रान असं लिहावं! पिक्चरमधल्या नाग्याचा एक डोळा राणीमाशी चावून जातो. परवा बाबांच्या पट्टीचा फोटो पाहून मला तोच आठवला, पण तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

‘सिंहासन’ राजकारणावरचा, त्याबद्दल काही लिहीत नाही. रोजच्या बातम्या लागायच्या आधी पाहा, म्हणजे बातम्या पाहायची गरज उरणार नाही. ‘एक होता विदूषक’ लक्ष्मीकांत बेर्डेचा आहे, पण हसायला म्हणून बसू नका. लोक तसेच गेले आणि हिरमुसून परत आले. पुलंनी लिहिलेला तमासगिरणीचा पोरगा आहे तो. मला स्वतःला मध्ये थोडा लांबल्यासारखा वाटतो.

आता ‘उंबरठा’. याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायलेय.

मी सातवी-आठवीत असेन. शेजारच्या वाड्यात दूरदर्शनवर लागला होता, आपण सगळे सतरंजीवर. स्मिता पाटीलची सुलभा लेकराला जावेजवळ ठेवून महिलाश्रमातल्या नोकरीला निघते, तिथं तुम्ही उठलात. “लेकरू टाकून जातीय, हे काय पाहायलात?” म्हणालात आणि अंगणात जाऊन बसलात. आई नाही उठली. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ तिनं डोळ्याला पदर न लावता ऐकलं, मी तिच्याकडेच पाहत होते. घरी येताना तिनं एक शब्द काढला नाही. तुम्हीही विचारलं नाही.

पुढं माझं प्रशिक्षण नागपूरला लागलं, चिनू तेव्हा दीड वर्षाचा. सासरी सगळे गप्प. मी नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. तुम्ही डबल ड्यूटी करून आलात, शर्टही न बदलता म्हणालात, “जा. पोरगं इथं राहील.” अकरा महिने तो तुमच्या खाकी खिशातली टिकिटं फाडत वाढला. आईनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का, मी कधी विचारलं नाही. मला संशय आहे, आणि तो तिच्यावरच आहे.

म्हणून बाबा, हा या वेळी शेवटपर्यंत पाहा. सुलभा परत येते तेव्हा घर तिच्यासाठी थांबलेलं नसतं. नवऱ्यानं, गिरीश कर्नाड आहेत, दुसरीशी संबंध ठेवलेला असतो आणि तो तसं सांगूनही टाकतो. ती पुन्हा निघते. मी परत आले तेव्हा चिनूनं मला ओळखलं नाही, आईच्या मांडीत तोंड खुपसलं. पण दार उघडं होतं आणि तुम्ही चहा ठेवला होता, साखर जास्त झालेला. पिक्चर संपल्यावर तुम्हाला सुलभेचा राग आला तर तो मला कळवा, मी भांडेन. आईला काय वाटलं ते मात्र तुम्ही विचारा. तेवढं काम तुमचं.

दिवाळीला आम्ही तिघंही येतोय. आई, धपाट्याचं पीठ दळून ठेव, इकडच्या गिरणीत तसं मिळत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला पाठवते, आणि दादा म्हणतो पाकिटं भरलेलीच पडलीत. बाबा, मारुती कांबळेचं काय झालं?