बटाट्याचं घर

घोडबंदर रोड, ठाणे
१२ मे

प्रिय निल्या,

फोटो पाहिले. सापाचं पिल्लू छान आहे, डोळे स्वच्छ, अंगावर सुरकुत्या नाहीत. तुझ्या लेकीनं ‘बटाटा’ हे नावही फर्मास ठेवलंय. घाबरून डोकं आत घेऊन गोळा झालं की बटाटाच दिसतो. त्याचं घर कसं करायचं याचे फोनवर तू भराभर प्रश्न विचारलेस आणि मी लोकलच्या गर्दीत होतो, म्हणून आता सगळं नीट लिहितो. कागदावर असलं की सुतारालाही दाखवता येईल.

आधी कागदपत्रांचं उरकू. बॉल पायथन, म्हणजे तुझा हा छोटा अजगर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर बटाटा त्याच्याकडेच राहू दे. तुझ्या भाच्याला येऊरला दिसलेली धामण आणून पाळायची आहे ना? त्याला स्पष्ट सांग की आपल्याकडचा कुठलाही साप, बिनविषारी असला तरी, घरात ठेवणं गुन्हा आहे.

आता घर. तू फोटोत दाखवलेली ती काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, आत लाल बल्ब आणि प्लॅस्टिकचं झाड, ती दुकानदाराला परत कर. तू जे व्हिडिओ बघतोयस ते थंड देशांतल्या लोकांचे आहेत. त्यांच्या खोल्या गार आणि हीटरमुळे कोरड्याठाक असतात, म्हणून त्यांची सगळी धडपड ऊब आणि ओलावा आत कोंडून ठेवण्याची. तुझं घर खारघरला, सहाव्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीचं. मे महिन्यात तुला उष्णता बाहेर काढायची आहे आणि जूनपासून ओल. त्यांचं बघून तसंच्या तसं घर लावलंस तर जुलैपर्यंत आत बुरशी येईल आणि पिल्लाची छाती भरेल.

आकडे लिहून घे. पेटीच्या एका टोकाला, उबदार आडोशाच्या, म्हणजे लपायच्या जागेच्या, तळाशी, ३१ ते ३२ अंश. दुसऱ्या टोकाला २६-२७. ओलावा ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत थोडा जास्त, ७० च्या आसपास. सापाला स्वतःचं अंग तापवता येत नाही. पचवायला उबेला जातो, मग गारव्याला येतो. म्हणून दोन्ही टोकं हवीत, सगळीकडे सारखी ऊब असून उपयोग नाही.

लहान पिल्लाला मोठं मोकळं घर मानवत नाही, लपायला जागा नसेल तर ते खाणं सोडतं. पण मादी असेल तर ती चार-साडेचार फुटांपर्यंत जाईल आणि वीस-पंचवीस वर्षं तुझ्याकडे राहील, तेव्हा सुताराला दोनदा पैसे देण्यात अर्थ नाही. एकदाच चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी करून घे आणि मध्ये काढता येणारी फळी बसव. आत्ता बटाट्याला दोन-अडीच फूट पुरेत, वर्षा-दीड वर्षानं फळी काढ. फळीच्या कडेला फट राहू देऊ नकोस. जिथून तुझी करंगळी जाते तिथून हे पिल्लूही जातं.

प्लाय ७१० नंबरचाच, म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. सुतार एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड सुचवेल, स्वस्त आहे म्हणून. एका पावसाळ्यात तो फुगून पुरणपोळी होतो. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन. रंग, फेव्हिकोल, सिलिकॉन यांचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी पडू दे. नाक आत घालून बघ, जरा जरी वास आला तरी पिल्लू आत नको. दार पुढून हवं, सरकत्या काचांचं. वरून हात आला की त्याला घारच आली असं वाटतं.

हवेच्या जाळ्यांचं सुताराला दोनदा समजाव, कारण आपल्याकडे खरी मेख तिथे आहे. एक जाळी गार बाजूला खाली, दुसरी उबदार बाजूला वर. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून आत येते, पंखा लागत नाही. त्या व्हिडिओंत जाळ्या फॉइल लावून बुजवतात. तू उघड्याच ठेव. जाळी बारीक आणि पक्की असू दे, कारण पिल्लू तिला नाक लावून लावून कमजोर जागा शोधणारच.

उबेसाठी सिरॅमिकचा, प्रकाश न देणारा बल्ब, पन्नास-साठ वॉटचा. होल्डर चिनी मातीचा घे, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्बभोवती जाळीचा पिंजरा लाव, नाहीतर साप त्याला वेटोळं घालून भाजून घेईल. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मात्र काहीही चालू करू नकोस. अंडी उबवणारे वापरतात तो डिजिटल कंट्रोलर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. त्याचा सेन्सर उबदार आडोशाच्या तळाशी घट्ट बसव. लोंबता ठेवला तर तो हवेचं तापमान सांगतो आणि खाली फरशी तापत राहते. तापमान दाखवणारी काट्याची गोल घड्याळं घेऊ नकोस, ती भिंतीवर शोभतात तेवढंच.

आत्ता मे चालू आहे, तुझी खोलीच दुपारी तेहेतीसला जात असेल. खोलीपेक्षा पेटी गार होऊ शकत नाही, म्हणून हीटर बंद, आणि पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत, शक्य तितकी खाली. गार टोक ३४ च्या वर चाललं तर एसीच्या खोलीत हलव. एसी हवा कोरडी करतो, तेव्हा डब्याला भोक पाडून आत ओलसर मॉस (शेवाळ) घालून एक दमट आडोसा दे, म्हणजे कात अखंड निघेल. तुकड्यातुकड्यांनी निघाली तर डोळ्यांवरची काचेसारखी खपली अडकते. ती चिमट्यानं ओढायची नाही.

पावसात सगळं उलटं. बाहेर हवाच नव्वद टक्क्यांवर जाते, मग फवारणी कसली करतोस! पहिले काही आठवडे तळाला नुसता पांढरा टिश्यू पेपर घाल. त्यावर विष्ठा दिसते, आणि अंगावर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असतील तर काळे ठिपकेही दिसतात. पुढे नारळाच्या सालीचे तुकडे चालतील, घोडबंदरच्या कुठल्याही नर्सरीत मिळतात, फक्त खत मिसळलेले नकोत. देवदार किंवा पाइनचा भुसा अजिबात नको, त्याच्या तेलाचा सापाला त्रास होतो. पावसाळ्यात हा थर पातळ आणि कोरडा ठेव, हीटर मंद चालू दे. पोटाखालचे खवले तपकिरी पडले किंवा फोड आले तर तळ ओला आहे. श्वास घेताना शिट्टी वाजली, तोंड उघडं ठेवलं किंवा नाकाशी बुडबुडे आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला साप तपासता येत नाही, म्हणून सरीसृप बघणारा आत्ताच शोधून नंबर लिहून ठेव.

आडोसे दोन, एक उबेत, एक गारव्यात, दोन्ही एकसारखे. एकच दिलास तर तो ऊब आणि सुरक्षितता यातलं एकच निवडेल. एवढ्या पिल्लाला मोठी करवंटी मस्त बसते. खोबरं खरवडून उकळ, उन्हात वाळव, कडेला दार काप आणि पॉलिश पेपरनं घास. अंग चारी बाजूंनी टेकलं पाहिजे, ऐसपैस आडोशात त्याला उघड्यावर असल्यासारखं वाटतं. मोठा झाला की मातीची फुटकी कुंडी. मधल्या जागेत सुकी पानं, साल, एखादी फांदी टाक. रिकामी फरशी ओलांडून जायला ही पिल्लं धजत नाहीत.

तुझ्याकडे मुंग्यांचा प्रश्न येणार. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, पूर्वी दुधाच्या कपाटाला ठेवायचे तशा, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदल, नाहीतर डास होतील. मुंग्यांचा खडू, स्प्रे, डांबरगोळ्या, मच्छर कॉइल, काकूंची धूप-अगरबत्ती, यातलं काहीही त्या खोलीत नको. काकूंना तू सांग, माझं नाव घेऊ नकोस.

कुलूप लावच. सुटलेला साप सापडतो बऱ्याचदा, पण तुझ्या सोसायटीत तो कोणाला सापडेल याची मला काळजी आहे. अंगावरचे तपकिरी-काळे डाग बघून दहातले नऊ जण घोणस म्हणतील आणि काठी आणतील. वॉचमन आणि शेजाऱ्यांना आधीच दाखवून ठेव. नागपंचमीला कोणी दुधाची वाटी घेऊन आलं तर दूध तुम्ही प्या.

आणल्यावर सात दिवस हात लावायचा नाही, लेकीनंही नाही. मग पहिलं खाणं, पिल्लाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा भरेल असा गोठवलेला उंदीर. तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात विरघळू दे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्ह नको. त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळ्या असतात, थंड उंदीर त्याला उंदीर वाटतच नाही. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका, ओकून टाकतो. तीनदा नीट खाल्लं की लेकीच्या हातात दे, आणि नंतर साबणानं हात, दरवेळी.

उंदीर फ्रीजरमध्ये कुठे ठेवायचे हे वहिनींशी तूच बोल. दुसरा छोटा फ्रीजर घ्यावा लागेल असा माझा अंदाज आहे.

सुतारासाठी पेटीचं माप घ्यायला शनिवारी दुपारी येतो. लेव्हल आणि ड्रिल माझ्याकडे आहे, सिलिकॉन तू आण. पेटी तयार झाली की आठवडाभर रिकामीच चालव, सकाळ-दुपार-रात्र तापमान लिहून ठेव, आणि ते आकडे मला दाखवल्याशिवाय बटाटा घरी आणू नकोस.

तुझा,
सुध्या