दुर्बिणीच्या चित्राखाली एक ओळ हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची रंगीत चित्रे मराठी वृत्तपत्रांतून आता वरचेवर छापून येतात, याचा माझ्यासारख्या निवृत्त विज्ञान शिक्षकाला आनंदच आहे. मात्र त्यांच्याखालचा मजकूर वाचून, अवकाशात सोडलेली दुर्बीण ताऱ्यांच्या जवळ जाते आणि तिथून फोटो पाठवते, असा समज सहज होतो. विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली की शेजारची मुले, आणि मुलांआधी त्यांचे पालक, हटकून विचारतात, "यातून किती लांबचं दिसतं?" देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि अंधाऱ्या रात्री दंडोबाच्या डोंगरावरून ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते, हे माझे उत्तर ऐकून मंडळी हिरमुसतात. (विश्रामबागेतून ती दिसत नाही, रस्त्यावरच्या दिव्यांनी ते सुख कधीच हिरावले.) विचारायला हवे ते हे, की दुर्बीण प्रकाश किती गोळा करते. माझ्या सहा इंची दुर्बिणीचा आरसा डोळ्याच्या बाहुलीपेक्षा चारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो, आणि वेबचा आरसा तर साडेसहा मीटर व्यासाचा आहे.

१९९० मध्ये सोडलेली हबल दुर्बीण आज जमिनीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून फिरते. सांगलीहून नागपूर याहून लांब आहे. ताऱ्यांच्या अंतरापुढे ही उंची नगण्य असूनही तिला वर नेले, कारण हवेच्या हलण्याने तारे लुकलुकतात, चित्र थरथरते, आणि क्ष-किरण, तसेच बराचसा अतिनील व अवरक्त (तांबड्याच्या पलीकडचा, उष्णतेचा) प्रकाश ही हवा खाली येऊच देत नाही. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ठेवली आहे तीही थंडीसाठी. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन आपल्यापर्यंत अवरक्त होऊन पोहोचतो, आणि दुर्बीण स्वतःच उबदार असेल तर तिचीच उष्णता त्या मंद प्रकाशाला झाकून टाकते. म्हणून पाच पदरी पडद्याच्या सावलीत तिचा आरसा उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास राखला जातो. उलट रेडिओ लहरींना हवेची आणि ढगांची आडकाठी नसते, त्यामुळे नारायणगावजवळ खोडद येथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जमिनीवरूनच, भर दिवसाही आकाश ऐकतात.

अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मग चित्रांत रंग येतात कुठून? लहान तरंगलांबीला निळा आणि मोठीला तांबडा रंग शास्त्रज्ञ ठरवून देतात. हे समजले की काही वाचक "म्हणजे सगळे खोटेच!" असे म्हणून मोकळे होतात, पण तसे नाही. कानाला ऐकूच न येणारे खर्जातले सूर वरच्या पट्टीत आणून वाजवावेत, तसा हा प्रकार आहे. पट्टी बदलली तरी सुरांचा क्रम बदलत नाही, हे मिरजेच्या तंतुवाद्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आणि खरे ज्ञान बहुतेक वेळा चित्रातून मिळतच नाही, ते वर्णपटातून मिळते. वर्णपट म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून मिळालेल्या आडव्या पट्टीवरच्या काही रेषा; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, म्हणून त्यांवरून ते ओळखता येते. दिसायला नीरस, म्हणून त्या सहसा छापल्या जात नाहीत. पण या विद्येचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे त्याच नावाचे चिरंजीव वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीत थांबले होते. हे पटवर्धनांचे संस्थान, म्हणजे सांगली-मिरजेच्या भावकीतलेच. ढगांनी व्यत्यय आणला, तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा ठळक रेषा दिसल्या. त्यांतील नारिंगी रेषा प्रथम सोडियमची वाटली होती; पुढे ती तोवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची निघाली आणि त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते हाती लागले १८९५ मध्ये. (या संदर्भात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला असे वारंवार छापले जाते, ते चूक आहे, त्यांनी ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडातून पाहिली.)

अवकाशयाने प्रत्यक्ष जवळ जातात हे खरे, तरी तिथेही नुसते फोटो काढून भागत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. त्याच्या प्रज्ञान गाडीने तिथल्या मातीवर लेसरचे झोत मारले, क्षणभर तापून चमकलेल्या मातीच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि त्यातून गंधक असल्याचे कळवले. जमखंडीत वापरलेली रीत ती हीच. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर १ चे कॅमेरे तर १९९० पासून बंद आहेत. सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ते २०१२ मध्ये ओलांडून गेले, हे समजले ते भोवतालच्या कणांच्या मोजमापांवरून.

म्हणून एक विनंती आहे. असे चित्र छापताना त्याखाली एका ओळीत तीन गोष्टी द्याव्यात : ते कोणत्या लहरींत घेतले, त्यातले रंग कशावरून ठरवले, आणि दुर्बीण नेमकी कुठे आहे. आणि वर्षातून एखादे वेळी, चित्राच्या शेजारी त्याच वस्तूचा वर्णपटही छापावा. गच्चीवर येणाऱ्या मुलांना मी ते कात्रण दाखवू शकेन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
विश्रामबाग, सांगली