उद्यमनगरच्या मामांना, आधी ऐकून मग खोलल्याबद्दल

मामा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विजेच्या मोटारींचं वायंडिंग भरून देणारी दुकानं पुष्कळ आहेत, पण ज्यांना तुम्ही माहीत आहात ते बरोबर ओळखतील. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. आमचा व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करताना तुम्ही जे दाखवलंत ते आमच्या घरापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. दसरा काढायचा म्हणजे गाद्या, पडदे, माळे सगळंच हलवायचं, आणि सासूबाईंना धुळीचा दमा. केरसुणी जोरात फिरली की त्यांची रात्र उशाला टेकून, बसून जाते. व्हॅक्यूम क्लीनर आम्ही त्यांच्यासाठीच घेतला. तोच ऐन वेळी घरघरायला लागला, मूठ धरली की हाताला मुंग्या येतील इतका थरथरायला लागला. एके ठिकाणी दाखवला, तर झाकणही न उघडता उत्तर मिळालं, "मोटार गेली, नवीनच घ्या."

तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाहीत. म्हणालात, "आवाज कुठनं येतोय ते आधी ऐकू, मग खोलू." पुढचा ब्रश काढलात, मग पाईप काढलात आणि नुसतं मशीन चालू केलंत. इथे आवाज थांबला असता तर ब्रशच्या रोलरला गुंडाळलेले केस, दोरे किंवा पाईपात अडकलेलं नाणं शोधायचं होतं, खर्च शून्य. आमचा थांबला नाही.

मग मशीनच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर तळवा ठेवलात आणि आवाज एकदम चढला, बारीक शिट्टीसारखा झाला. "लोकास्नी वाटतं मोटारीवर लोड आला. उलटं हाय. हवाच न्हाई तर पंख्याला काम न्हाई, म्हणून मोटार सुसाट पळती." पिशवी भरली, फिल्टर तुंबला की घरात हाच चढा आवाज येतो. बहुतेक घरगुती मशीनमध्ये मोटार थंड ठेवणारी हवाही तीच, त्यामुळे तसंच रेटत राहिलं तर मोटार तापते. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती. "आता बटण बंद करा अन् कान द्या." वीज गेली तरी मोटारीचा दांडा थोडा वेळ फिरत राहतो, तेवढ्यात ऐकायचं. बंद करताक्षणी आवाज तुटला तर दोष विजेच्या बाजूला शोधायचा. फिरत फिरत थांबेपर्यंत खरखर राहिली तर दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग खराब. खरखर नसून नुसती थरथर राहिली तर पंख्याचा तोल गेलेला. आमच्याकडे खरखरही होती आणि थरथरही.

प्लग काढून मोटार बाहेर घेतलीत, पंख्याच्या झाकणाची दुमडलेली कड गोल फिरत हलक्या हाताने उचकटलीत आणि पंखा माझ्या हातात दिलात. तीन पात्यांच्या मध्ये पांढरा, दगडासारखा थर बसला होता. घराला रंग दिला तेव्हा घासलेल्या लांबीची, म्हणजे भिंतीच्या पुट्टीची पूड. फिल्टरच्या कडेचं रबर कडक होऊन फट पडलेली, तिथून ती आत गेली आणि आपल्या पावसाळी दमटपणात घट्ट झाली. लोखंडी पट्टीने खरवडायला तुम्ही पोराला मनाई केलीत. ॲल्युमिनियमची पाती पातळ, वाकली की तोल कायमचा जातो. बांबूची काडी, जुना दातांचा ब्रश, थोडं रॉकेल, एवढ्यावर सगळा थर निघाला. मग दांडा दोन समांतर धारांवर ठेवून पंखा सोडून पाहिलात. जड बाजू खाली येत असेल तर तोल चुकलाय. तो कुठेही ठेवला तरी जागचा हलला नाही.

एवढ्याशा थराने इतकं हादरतं कसं, हे मी घरी लेकीकडून मांडून घेतलं. छताचा पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो, ही मोटार २०,००० च्या वर जाते. मध्यापासून ४ सेंटीमीटरवर एक ग्रॅम मळ जास्त असला, तरी त्या वेगाला त्याची ओढ जवळजवळ १८ किलो वजनाइतकी होते, आणि ती सेकंदाला तीनशेपेक्षा जास्त वेळा गोल फिरते. बेअरिंग का खाल्लं गेलं ते मग कळलं.

बेअरिंगला तेल सोडून चालेल का, असं मी विचारलं होतं. तुम्ही न कंटाळता समजावलंत की ते बंद बेअरिंग असतं, वरून सोडलेलं तेल आत पोचत नाही, उलट धूळ धरतं आणि कार्बनपर्यंत, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांपर्यंत, उडतं. ६०८ नंबरचं नवं घातलंत, आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२. फिल्टरचं रबर बदललंत. कार्बन मात्र काढून, मला दाखवून, परत तेच बसवलेत. "लांबी चांगली हाय, ठिणगी निळी अन् बारीक पडती. कशाला बदलायचं?" मला त्यातलं काय कळणार होतं? तुम्ही सहज पैसे लावू शकला असता. लावले नाहीत, आणि याबद्दल तुमचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत.

गाद्या झाल्या, माळे झाले. घटस्थापनेला सासूबाई अंबाबाईच्या दर्शनाला स्वतः चालत जाऊन आल्या, वाटेत एकदाही दम्याचा पंप लागला नाही. तुमच्यासाठी प्रसाद ठेवलाय, शनिवारी घेऊन येते. शेजारच्या वहिनीही बरोबर येतील, त्यांचंही मशीन घरघरतंय. पाईप काढून आणि बटण बंद करून आवाज ऐकून घ्या, मगच चला, असं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
राजारामपुरीची ताई