डॉट इन की डॉट कॉम?

प्रिय मित्रा,

हापूस आणि कोकम आगळ घरपोच पाठवायचं पक्कं केलंस, छान वाटलं. खोके छापायला टाकण्याआधी वेबसाइटच्या नावाचं विचारलंस, हे फार बरं झालं.

तुझी गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची, म्हणून मुख्य पत्ता डॉट इन ठेव. गुगल त्यावरून साइट भारतासाठी आहे असं धरतं. पुढे दुबईचं गिऱ्हाईक वाढलं, तर डॉट कॉम जास्त सोयीचं पडेल. डॉट को मात्र घेऊ नकोस. ते मुळात कोलंबियाचं, आणि लोक सवयीने पुढे एम लावतातच.

आता खरी मेख. तेच नाव डॉट कॉमवर कुणाकडे आहे, ते आधी बघ. आंबेवाल्याकडेच असेल तर नाव बदल, मग ते कितीही आवडलेलं असो. कारण गिऱ्हाईक घाईत डॉट कॉम टाइप करतं. साइट चुकली तर ते परत शोधेल, पण ऑर्डरचा मेल तिकडे गेला तर तुला पत्ताही लागणार नाही. मोकळं असेल तर दोन्ही घे आणि डॉट कॉम ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमचं, डॉट इनकडे वळव. एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा दाखला, दोन्ही नावांना लागतं. नुसतं डॉट इनला लावलंस, तर डॉट कॉमवर आलेल्याला वळण्याआधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो.

आणि हो, 'हापूस' रोमनमध्ये कुणी यूने लिहितं, कुणी दोन ओने. चार-पाच जणांना फोनवर नाव सांग आणि लिहून पाठवायला लाव. प्रत्येकाने वेगळं लिहिलं, तर ते नाव कामाचं नाही.

डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं, मराठीतही. खोक्यावर ते शोभेल, म्हणून जमलं तर घे आणि डॉट इनकडे वळव. मेल मात्र त्यावर ठेवू नकोस, बरेच ऑनलाइन फॉर्म तो पत्ता अजून घेत नाहीत.

घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नकोस, नूतनीकरणाचा दर विचार. नोंदणी तुझ्याच नावावर हवी, साइट बनवणाऱ्याच्या नाही. नाव विकणाऱ्या कंपनीकडच्या, म्हणजे रजिस्ट्रारकडच्या, खात्याला ईमेल दुसऱ्या सेवेवरचा दे. त्याच डोमेनवरचा, म्हणजे साइटच्याच नावाचा, दिलास आणि मुदत संपली, तर तो मेलही बंद पडतो आणि आठवणीची पत्रं तुला मिळतच नाहीत. डॉट कॉमची मुदत टळली, तर रजिस्ट्रार स्वतःच्या नियमाप्रमाणे काही दिवस थांबतो. पुढचे ३० दिवस ते जबर शुल्क भरूनच सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. म्हणून आपोआप नूतनीकरण चालू ठेव, आणि जोडलेलं कार्ड बदललं की तिथेही बदल.

मनातली दोन-तीन नावं कळव, डॉट कॉमवर कोण बसलंय ते मी बघून ठेवतो.

तुझा,
जुना मित्र