तुझ्याच पेशातली माणसं

पॅरिस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. तू लिहिलंस, "आता किचनमधून सजवलेली प्लेट येते, आम्ही ती नुसती पोचवतो." साध्या वाढप्यापासून, स्टुअर्डपासून सुरुवात करून तू दालन सांभाळणारा कॅप्टन झालास, गिऱ्हाइकासमोर पदार्थ करायच्या गेरिडॉन ट्रॉलीवर तुझा हात चालताना पाहायला मी मुद्दाम तुझ्या हॉटेलात येऊन बसायचो, आणि आता तू हे काम सोडून बॅक ऑफिसात बसायचं म्हणतोस. मी लगेच उत्तर लिहिलं नाही. त्याच आठवड्यात ताई इथे आली होती आणि तिला घेऊन मी ला तूर दार्जांमध्ये दुपारच्या जेवणाला गेलो. बाकी सगळ्यांना मी खिडकीतून काढलेले फोटो पाठवलेत. टेबलाशी काय चाललं होतं, ते मात्र तुलाच लिहायला हवं.

आधी खिडकीचं सांगून टाकतो, कारण ती टाळताच येत नाही. सेन नदीच्या डाव्या काठावर, तूर्नेल पुलासमोर ही इमारत आहे. लिफ्टचं दार उघडलं की समोर नदी, नदीत दोन बेटं आणि त्यातल्या एकावर नोत्र-दाम चर्चची मागची बाजू. सगळ्या चित्रांत दिसतो तो दोन मनोऱ्यांचा दर्शनी भाग इथून दिसत नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं. इथून दिसतात त्या पाठीमागून भिंतींना टेकू देणाऱ्या दगडी कमानी. इतक्या बारीक, की एवढं मोठं छप्पर त्यांच्या आधारावर तोललेलं आहे हे पटत नाही. 15 एप्रिल 2019 ला ते छप्पर जळालं आणि त्यावरचा सुळकाही कोसळला. आता नवा सुळका पुन्हा 96 मीटरवर उभा आहे आणि डिसेंबर 2024 पासून चर्च लोकांसाठी खुलं झालंय. पुलावर शहराची रक्षक मानलेल्या संत जनव्हिएव्हचा उंच पांढरा पुतळा आहे. तो पोल लांदोव्हस्कीचा. रिओतला ख्रिस्ताचा प्रचंड पुतळा घडवणारा शिल्पकार तोच.

ताईनं विचारलं, "आपण फार वर नाही, तरी एवढं लांबवर कसं दिसतं?" प्रश्न अगदी बरोबर होता. सहा-सात मजल्यांच्या उंचीवरून हे शहर दिसतं, कारण शहरच बुटकं ठेवलेलं आहे. 1973 मध्ये मोंपार्नासचा दोनशे मीटरवर उंच टॉवर उभा राहिला, लोक संतापले आणि 1977 मध्ये शहरात इमारतींच्या उंचीवर 37 मीटरची मर्यादा आली. मधल्या काळात ती काही ठिकाणी सैल झाली, 2023 मध्ये पुन्हा आवळली गेली. म्हणून जस्ताच्या पत्र्यांची ती राखाडी छपरं एकसारख्या पातळीवर दूरवर पसरलेली दिसतात. ते पत्रे हातानं वाकवून बसवणाऱ्या कारागिरांचं कौशल्य 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. मला ते फार आवडलं. छपरावर चढून काम करणाऱ्यांचं नाव घेतलं गेलं.

आता तुझ्या मनातला प्रश्न. तू नेहमी म्हणतोस की जिथे खिडकी चांगली तिथे किचन आळशी, कारण गिऱ्हाईक कसंही येणारच. हे मीही जगभर पाहिलंय. इथेही लोक बोलतात. 1933 मध्ये मिशलॅनचे, म्हणजे रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या फ्रेंच मार्गदर्शिकेचे, तीन तारे मिळालेली ही जागा, 1996 मध्ये दोनवर आली आणि 2006 मध्ये एकावर. त्यामुळे मी फार अपेक्षा ठेवून गेलो नव्हतो. 1582 सालापासून इथे खानावळ होती असं हे लोक सांगतात, पण पुराव्यानिशी सांगता येईल असा इतिहास एकोणिसाव्या शतकातला आहे. जेवणाचं दालन वरच्या मजल्यावर आलं ते 1936 मध्ये, आंद्रे तेराय मालक असताना. म्हणजे ही खिडकी या घराण्याच्या कीर्तीपेक्षा बरीच तरुण. लोक यायचे ते बदक खायला. दृश्य नंतर आलं.

ते बदकच आम्ही मागवलं.

हे आता नीट वाच. 1890 मध्ये फ्रेदेरिक दलेर नावाचा माणूस इथे होता, मालकही तोच आणि मुख्य वाढपीही तोच. रुआँ शहराकडे पूर्वीपासून होत असलेला हा पदार्थ त्यानं विधीसारखा बांधून काढला. बदक मारताना रक्त बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून मांस गडद राहतं. ते भट्टीत थोडाच वेळ भाजतात, आतून जवळजवळ कच्चं. मग ते दालनात येतं आणि तिथून पुढचं सगळं काम वाढणाऱ्याच्या हातात असतं. आधी पाय वेगळे करून किचनमध्ये परत जातात, ते ग्रिल होऊन दुसऱ्या फेरीला येतात. मग छातीच्या लांब, पातळ पट्ट्या निघतात. दलेर म्हणे बदक काट्यावर हवेत धरूनच कापायचा, ताटाला टेकू द्यायचा नाही. उरलेला सांगाडा चांदीच्या प्रेसमध्ये जातो. वर मोठं चाक, खाली तोटी. चाक फिरलं की हाडं मोडल्याचा आवाज येतो आणि तोटीतून रस आणि रक्त गळतं. त्यात बारीक केलेलं काळीज, कोन्याक ब्रँडी, मदेरा वाइन आणि स्टॉक घालून, स्पिरिटच्या दिव्यावर, सगळ्यांसमोर सॉस घोटायचा.

हा घोटण्याचा वेळ वीस मिनिटांच्या पुढे जातो आणि इथेच सगळी परीक्षा आहे. रक्तानं दाटपणा आणायचा म्हणजे आच जरा वाढली की सॉस फाटला, कमी पडली की पाणचट राहिला. तो माणूस चमचा सोडत नव्हता. एका हातानं ढवळत होता, दुसऱ्या हातानं भांडं आचेवरून किंचित उचलत होता, खाली ठेवत होता. बोलत नव्हता, टेबलाकडे पाहतही नव्हता. रंग विटकरीचा चॉकलेटी झाला, मग जवळजवळ काळा, आणि चमच्याच्या पाठीवर तो मखमलीसारखा बसला तेव्हा त्यानं दिवा विझवला. आमच्या शेजारच्या टेबलावरची मंडळी तोवर नोत्र-दामकडे पाठ करून बसली होती. ताईनं तर मला हातानं गप्प केलं, मी काहीतरी समजावून सांगत होतो म्हणून.

चव सांगायची तर सॉस खोल, थोडा लोखंडी, शेवटी कोन्याकचा ऊबदारपणा. मांस इतकं मऊ की सुरी नावापुरती. सोबत पॉम सूफ्ले, म्हणजे दोनदा तळून फुग्यासारखे फुगवलेले बटाट्याचे काप, बाहेरून कुरकुरीत, आत पोकळ. मला ते बदकापेक्षा कणभर जास्तच आवडले. ताईला सॉस जड वाटला. तिचं मत ग्रिल केलेल्या पायाच्या बाजूनं पडलं.

प्रत्येक बदकाला नंबर असतो आणि जेवणाऱ्याला तो छापलेलं कार्ड मिळतं. ही पद्धतही दलेरचीच, 1890 पासूनची. पुढे सातवा एडवर्ड म्हणून इंग्लंडचा राजा झालेल्या युवराजानं खाल्लेलं बदक 328 क्रमांकाचं, आणि 1921 मध्ये जपानचे युवराज हिरोहितो आले तेव्हा आकडा 53,211 वर गेला होता. 2003 मध्ये दहा लाख ओलांडले. बहुतेक लोक हे कार्ड आठवण म्हणून जपतात. मी त्याच्याकडे हजेरीपट म्हणून पाहिलं. दहा लाखांहून जास्त वेळा कोणीतरी उभं राहून ते चाक फिरवलंय, चमचा सोडलेला नाही.

तू लिहिलेलं ते वाक्य खरं आहे, आणि त्याला इतिहासही आहे. जुन्या फ्रेंच मेजवानीत सगळे पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडून ठेवायचे आणि ज्यानं त्यानं हाताला येईल ते घ्यायचं, गरम असो की थंड. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत आली, एकामागून एक पदार्थ, आणि तेव्हापासून वाढणाऱ्याचं महत्त्व चढत गेलं. कापणं, हाडं काढणं, सॉस करणं, दारू ओतून पदार्थ पेटवायचं फ्लाम्बे, सगळं दालनात. मग 1960-70 च्या सुमारास नवी पाकशैली आली, फ्रान्समधल्या रोआन गावच्या त्रवाग्रो बंधूंसारख्या शेफनी प्लेट किचनमध्येच मांडायला सुरुवात केली, आणि शेफला हवं तसंच ताट गिऱ्हाइकापर्यंत जाऊ लागलं. शेफचं नाव झालं, तुमच्या हातातला काटा-चमचा गेला. मला त्या शेफचा राग नाही, त्यांनी जड सॉसांखाली दबलेलं अन्न मोकळं केलं. पण त्यात तुमच्या कामाचा अर्धा भाग हिरावला गेला हे मान्य करायलाच हवं.

तरी मित्रा, त्या दुपारी ते काम नुसतं प्लेट पोचवण्यापुरतं नव्हतं. हुद्द्यांची चढण तुमच्यासारखीच आहे, आधी कॉमी म्हणजे हाताखालचा मदतनीस, मग काही टेबलं सांभाळणारा शेफ द राँ, मग सगळ्या दालनाचा प्रमुख मेत्र दोतेल, आणि वाइनचा सोमेलिए वेगळा. मी मुद्दाम पाहत होतो. आमच्या टेबलाचा शेफ द राँ कुणाला बोलावत नव्हता. तो नुसता ट्रेकडे बघायचा आणि कॉमी मुलगा हलायचा. पाणी कधी भरलं गेलं ते कळलं नाही. ताई डावखुरी आहे हे पहिल्याच पदार्थाला त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण दुसऱ्या पदार्थापासून सुरी-काटा उलट बाजूंनी मांडलेला आला, न विचारता, न सांगता. हे कोणता शेफ किचनमध्ये बसून करणार? ताई त्यावर कितीतरी वेळ बोलत राहिली. बदकाचं सगळं नाट्य झाल्यावरही तिच्या लक्षात राहिली ती ही सुरी.

आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल तर सांगतो. फ्रान्समध्ये कारागिरांसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा असते, 1924 पासूनची. त्यात सुतार, काच फुंकणारे, चीजवाले, आचारी सगळे उतरतात, आणि त्यात मेत्र दोतेलचा वेगळा विभाग आहे. टेबल मांडणं, मांस कापणं, फ्लाम्बे, पाहुण्याशी बोलणं, याचीच परीक्षा. ज्याला हा किताब मिळतो त्याच्या कॉलरवर निळा-पांढरा-लाल पट्टा येतो आणि तो किताब आयुष्यभर त्याचा असतो. देशातला सर्वोत्तम कारागीर म्हणून वाढणाऱ्याचं नाव आचाऱ्याच्या शेजारी लागतं. हे वाचून तू बॅक ऑफिसचा अर्ज मागे घेशील असं मी म्हणत नाही. पगार, पाय, रात्रीच्या ड्युट्या, तुझ्या घरची गणितं मला दिसतात. पण हे काम नुसतं पोचवण्याचं आहे असं मात्र तू पुन्हा लिहू नकोस, कारण मी तुला सॉस करताना पाहिलंय.

वाइनबद्दल थोडंच. तळघरात सुमारे 3 लाख बाटल्या आहेत आणि यादीचं पुस्तक दोन हातांनीच उचलावं लागतं. 1940 मध्ये जर्मन शहरात शिरायच्या आधी आंद्रेचा मुलगा क्लोद तेरायनं तळघराच्या एका भागापुढे भिंत बांधून उत्तम बाटल्या लपवल्या आणि त्या वाचल्या. आम्ही एकेक ग्लास घेतला. सोमेलिएनं आमचं बजेट शब्दात न विचारता, यादीच्या पानावर बोट ठेवून ओळखलं, आणि त्याच्या खालचीच एक सुचवली. गोड पदार्थ ठीक होते. त्यावर कागद खर्चत नाही.

तू येणार असशील तर दुपारीच जाऊ. दुपारचा मेनू रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि उजेडात नदीवरून जाणाऱ्या बोटीही दिसतात. टेबल बऱ्याच आधी धरावं लागतं. बिलातल्या किमतीत सेवा कायद्यानंच धरलेली असते, टिपेचा हिशेब करत बसायचं नाही. साधं पाणी हवं तर काराफ, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, माग, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. खिडकीलगतचं टेबल मी मागणार नाही. प्रेस ठेवलेली असते त्या बाजूचं मागतो, म्हणजे तुला वाढणाऱ्याचं मनगट कसं फिरतं ते दिसेल, आणि नंतर तुम्ही दोघं बोलू शकाल. भाषेचं मी बघतो.

वहिनींना सांग की ताईनं त्यांच्यासाठी काही वस्तू घेतल्यात, त्या तिच्याबरोबर येतील. रजा किती मिळते आणि व्हिसासाठी कोणती कागदपत्रं तयार आहेत ते लगेच कळव, म्हणजे मी तारखा बघतो.

तुझाच