तांब्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन

मा. संपादक,

आपल्या मुलांच्या पुरवणीतला अणूवरचा लेख वाचला. सोडियमच्या बाह्यतम कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या सात, त्यातून मीठ. इथवर छान. तक्रार आहे ती खालच्या चौकटीबद्दल. ‘बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा, गुणधर्म ओळखा’ असे तिथे ठोकून दिले आहे.

मी उच्च माध्यमिकच्या रसायन प्रयोगशाळेत सहायक होतो, आता कुळागर म्हणजे सुपारीची बाग बघतो. दोन्हीकडे तांब्याशी गाठ पडली, आणि तांबे काही त्या चौकटीत मावत नाही.

आतल्या कक्षेपासून बाहेर इलेक्ट्रॉन मोजत गेले तर पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १. तांब्याची २, ८, १८, १. बाहेर दोघांकडे एकेकच. पण पोटॅशियम रॉकेलात बुडवून ठेवावे लागते, पाण्यात टाकले की जांभळट ज्योत करून पेटते. (मुलांना मागे सारायचे काम माझ्याकडे असायचे.) तांब्याच्या भाणीत मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या न्हाणीचे पाणी तापत आले.

फरक आतल्या कक्षांत आहे. पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन, तांब्याच्या २९. तांब्यात वाढलेले दहा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेत बसतात खरे, पण केंद्रकाची वाढलेली ओढ त्यांना पुरती अडवता येत नाही. त्यामुळे बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन जवळ ओढला जातो. तो काढायला पोटॅशियमच्या बाबतीत मोलला सुमारे ४१९ किलोज्यूल पुरतात, तांब्याला ७४५ लागतात.

बरे, तांबे एकच इलेक्ट्रॉन देते असेही नाही. कोळेरोगावर (सुपारी कुजवणाऱ्या बुरशीवर) पावसाआधी पोफळींवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतो, त्यातल्या मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटात, तांब्याने दोन दिलेले असतात. दुसरा त्या अठरांतला. म्हणजे तांब्यासारख्या धातूंत संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे संयोगात भाग घेणारे, फक्त बाह्यतम कक्षेतच शोधून भागत नाही.

मिश्रण जमले की नाही हे बघायला आम्ही घासलेला कोयता त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. लोखंड आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देऊन स्वतः विरघळते आणि तांबे पात्यावर बसते. म्हणूनच मोरचूद लोखंडी बादलीत कालवत नाहीत. हे फोंडा-सत्तरीतल्या कुठल्याही बागायतदाराच्या पोराला ठाऊक असते. त्यामागचे कारण मात्र त्याला नववी-दहावीतही कुणी सांगत नाही, आणि तोच मुलगा परीक्षेत संयुजांचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतो!

पुढच्या लेखात पोटॅशियमच्या शेजारी तांब्याचीही आकृती छापावी. चौकटीत ‘मोजा’च्या पुढे ‘आणि ते किती घट्ट धरलेले आहेत ते बघा’ एवढे घातले तरी चालेल.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सावईवेरे, फोंडा